तो वाण, ती वाण, ते वाण

मार्गशीर्ष सरत आला की बंगळूरच्या रस्त्यांवर अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात. सर्जापूर रोडच्या सिग्नलपाशी तर गोणपाटावर हिरव्या शेंगा ओतून बायका ओळीने बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "सोगडू इदे, सोगडू इदे" म्हणून हाका मारतात. इदे म्हणजे आहे, आणि सोगडू म्हणजे या शेंगेचा वास. थंडीत दव पडलं की शेंगेच्या सालीवर एक तेलकट चिकटा धरतो, तो बोटांना लागतो आणि दिवसभर जात नाही. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेले तरुण स्कूटर बाजूला घेतात, एक शेंग उचलतात, चुरडून हुंगतात आणि मगच किलोभर घेतात. बसमध्ये, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत या महिन्यात हाच वास असतो. मी आता अवरे विकत घेत नाही. ढीग दिसला की रस्त्याची दुसरी बाजू धरते.

या वर्षी ढीग लागायच्या आधीच फोनवर एक फोटो आला. आमच्या ओळखीची सीमा सर्जापूर रोडला एका उंच इमारतीत राहते. मूळची पुण्याची, हौशी मुलगी, गच्चीवर कुंड्यांमध्ये सतत काहीतरी लावत असते. फोटोत एका कुंडीतून वर चढलेला वेल होता आणि त्याला पांढऱ्या फुलांचे तुरे लागले होते. खाली लिहिलं होतं, "काकू, अक्कांचा अवरे बघा! वर्षातून दोनदा फुलतो, कमाल आहे ना?" मी तिला एक हसरा चेहरा पाठवला आणि फोन पालथा ठेवला.

अक्कांचा अवरे पांढरा फुलत नव्हता. जांभळा फुलायचा, आणि वर्षातून एकदाच. आता तो कुठेच नाही. तो गेला त्या हंगामाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही, कारण तो जाण्यात माझा हात होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं माहेर आनेकलच्या बाजूचं, जिथून पुढे इलेक्ट्रॉनिक सिटी पसरत गेली त्या पट्ट्यातलं. कित्येक पिढ्यांपूर्वी आलेलं मराठी घर. घरात मराठी, दारात कन्नड, आणि लिहायचं झालं तर कन्नड लिपीतच. लग्न होऊन येताना त्यांनी माहेरच्या कुंपणावरचं बी आणलं होतं. माहेरची जमीन पुढे विकली गेली, कुंपण गेलं, भाऊ गावोगावी पांगले. बी मात्र आमच्या कोरमंगलाच्या घरी राहिलं. आमची तीस-चाळीस फुटांची साइट, म्हणजे प्लॉट, तिच्यावर घर, आणि पुढच्या बाजूला उरलेल्या चार हात जमिनीत अक्कांचा मांडव. जुन्या पाइपांचा, वर सुतळी ताणलेली. आषाढात बी टाकायचं, श्रावण-भाद्रपदात नुसती पानं, दिवाळी झाली की तुरे, आणि पौषात शेंगा. बुटकी, वाकडी शेंग, कडेला जांभळी रेघ. दिसायला काही खास नाही. पण मांडवाखालून गेलं तरी साडीला वास लागायचा.

मी पुण्याहून आले तेव्हा मला तो वास अजिबात आवडला नव्हता. आमच्याकडे याला पावटा म्हणतात आणि पावटा हा काही कौतुक करण्याचा विषय नाही. इथे मात्र महिनाभर दुसरं काही शिजेना. उपम्यात अवरे, भातात अवरे, तळलेले अवरे, भिजवून साल काढलेल्या अवरेचं सारू, म्हणजे पातळ आमटी. भिजलेला दाणा दोन बोटांत दाबला की साल बोटांत राहते आणि आतली डाळिंबी टुपकन बाहेर उडते, त्याला कन्नडमध्ये हितकू म्हणतात. अक्कांनी त्याला मराठी शेपूट लावलं होतं. "मंजू, ये गं, हितकायला बस," म्हणायच्या. मी शुद्ध मराठीची माणूस. "अक्का, सोलायला म्हणा," मी सांगायची. "सोलायचं केळं. हे हितकायचं," त्या म्हणायच्या आणि परात माझ्याकडे सरकवायच्या.

पहिली दोन वर्षं मी तोंड वाकडं करून हितकत बसले. तिसऱ्या वर्षी बाळंतपणाला पुण्याला गेले आणि पौषात एक दिवस आईच्या स्वयंपाकघरात उभी असताना त्या वासाची इतकी आठवण आली की रडू फुटलं. आईला वाटलं, सासरी काही बिनसलंय.

बियाच्या बाबतीत अक्का फार कडक होत्या. पहिल्या बहराच्या, बुडाजवळच्या, सगळ्यात भरदार शेंगा बियाला राखायच्या. त्यांना पांढरा दोरा बांधलेला असायचा आणि त्या दोऱ्याच्या शेंगेला घरातल्या कुणी हात लावला तर त्या दिवशी त्याचं काही खरं नसे. "चांगलं चांगलं खाऊन टाकलं आणि उरलंसुरलं बियाला ठेवलं, की वेलालासुद्धा तेच कळतं," त्या म्हणायच्या. शेंगा वेलावरच वाळवायच्या, दाणे उन्हात घालायचे, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात मिसळून काचेच्या बरणीत भरायचे. बरणी अक्कांच्या कपाटात, साड्यांच्या मागे. नवं बी आलं की जुनं बरणीतून काढायचं, भिजवायचं, हितकायचं आणि त्याचं सारू करून सगळ्यांनी खायचं. वर्षाचं जुनं ठेवायचं नाही, हा नियम. आदल्या वर्षीचं बी खाल्लं की हंगाम संपला असं आमच्या घरात धरलं जायचं.

संक्रांतीला अक्का वाण म्हणून हेच बी द्यायच्या. इथल्या पद्धतीचं एळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे यांचं मिश्रण, उसाचा तुकडा, आणि कागदाच्या पुडीत सात दाणे. इतर बायका प्लॅस्टिकच्या वाट्या, चाळण्या, कंगवे वाटायच्या. मला सुरुवातीला लाज वाटायची. एकदा मी अक्कांना मोठ्या रुबाबात समजावलं होतं की वाण हा शब्द मराठीत तीन लिंगांत चालतो. बियाण्याची जात असेल तर तो वाण. संक्रांतीला लुटायचं असेल तर ते वाण. आणि एखाद्या गोष्टीची कमतरता असेल तर ती वाण. कशाची वाण पडू दिली नाही, असं आपण म्हणतो. अक्का अवरे निवडत होत्या. "म्हणजे मी तो वाण ते वाण म्हणून देते," त्या म्हणाल्या, "सरी आहे की मग, बरोबरच." आणि थोड्या वेळाने, "हा शब्द म्हणजे तीन घरची सून गं."

माझे थोरले दीर, अक्कांचे यजमान, गेले त्या वर्षी संक्रांतीच्या आधी अक्कांनी मला बोलावलं. खाटेवर कागदाचे चौकोन कापून ठेवले होते. "या वर्षीपासून तू द्यायचं," त्या म्हणाल्या. मी म्हणायला हवं होतं की असलं काही मानायचं नाही, तुम्हीच बाहेर येऊन द्या. मी शिकलेली होते, चार ठिकाणी अशी भाषणंही ऐकली होती. पण मी "बरं" म्हटलं. त्यानंतर दर वर्षी बाहेर बायका हळदीकुंकवाला आल्या की अक्का आतल्या खोलीत बसून पुड्या बांधायच्या आणि मी बाहेर वाटायची. बायका विचारायच्या, "अक्का कुठेत?" मी म्हणायची, "आत आहेत, येतील." त्या कधी आल्या नाहीत आणि मी कधी हाताला धरून आणलं नाही. आज त्याची फार लाज वाटते.

त्या हंगामाची गोष्ट तिथून चार-पाच वर्षांनंतरची. आमच्या घरासमोरचं जुनं बैठं घर पाडून तिथे पाच मजली पीजी उभं राहिलं. मुलींचं. जूनमध्ये ते सुरू झालं आणि गेटवर एक मोठा पांढरा दिवा लागला. त्याचा झोत थेट आमच्या मांडवावर. दिवस मावळला की तो लागायचा आणि सकाळी उजाडल्यावर विझायचा. आम्हाला कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. उलट माझा नवरा मोहन म्हणाला, "बरं झालं, आता गेटचं कुलूप लावताना चाचपडायला नको."

वेल मात्र त्या वर्षी बघण्यासारखा वाढला. पानं तळहाताएवढी, मांडव भरून खाली लोंबायला लागला. अक्कांना तेव्हा दम लागायला लागला होता. दोन पायऱ्या चढल्या की बसावं लागे. तरी त्या रोज सकाळी काठी टेकत बाहेर यायच्या आणि वेलाकडे बघत उभ्या राहायच्या. दसरा झाला, दिवाळी झाली. तुरा नाही. कार्तिक निम्मा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मंजू, याचं काहीतरी बिघडलंय. एवढं अंग धरलंय आणि फूल नाही." मी म्हटलं, पाऊस जास्त झाला असेल. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मोहनच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक होते, शेतकी महाविद्यालयातले. त्यांना बोलावलं. त्यांनी वेल पाहिला, मग वळून समोरच्या गेटकडे पाहिलं आणि विचारलं, "हा दिवा रात्रभर असतो?" आम्ही हो म्हटलं. ते म्हणाले, "हा जुना वाण आहे. दिवस लहान झाला, रात्र मोठी झाली, की याला फुलायचं कळतं. याच्यासाठी रात्र झालेलीच नाही. हा अजून श्रावणच समजतोय." बाजारातल्या नव्या जाती कधीही फुलतात, त्यांना अंधार-उजेडाची पर्वा नसते, असंही त्यांनी सांगितलं. अक्का खुर्चीवर बसून ऐकत होत्या. "म्हणजे याला झोपच नाही," त्या म्हणाल्या.

मी त्याच संध्याकाळी पीजीच्या मालकाला गाठलं. मोठा भला माणूस. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, ऊपर सत्तर लड़कियां हैं. रात को दो-दो बजे कैब से उतरती हैं. लाइट बंद करूं और कुछ हो जाए, तो?" माझी मुलगीही परगावी अशाच एका पीजीत राहत होती आणि तिच्या गेटवर दिवा आहे का, हे मी स्वतः जाऊन पाहून आले होते. मी त्याला झोत थोडा खाली वळवायला सांगितलं. त्याने वळवला. वाऱ्याने तो पुन्हा वर झाला.

मग वेल झाकायचं ठरलं. दोन जुन्या चादरी आणि एक सोलापुरी रग जोडून मी पडदा शिवला. रोज संध्याकाळी तो मांडवावर चढवायचा आणि सकाळी काढायचा. शिडी, मी आणि साठीचा मोहन. पहिल्या दिवशी पीजीतल्या मुली गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. अक्का खुर्चीवरून सूचना देत होत्या, "त्या कोपऱ्यातून उजेड येतोय बघ, फट राहिली." आठ दिवस आम्ही हे केलं. नवव्या दिवशी अक्कांचा दम वाढला आणि त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत पडदा कुणी चढवला नाही. चढवता आला असता. मोहन घरी झोपायला येत होता, मी सांगितलं असतं तर त्याने शेजाऱ्याला हाताशी घेऊन चढवला असता. मी सांगितलं नाही, कारण माझ्या मनात तेव्हा वेल नव्हताच.

अक्का घरी आल्या त्या नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घेऊनच. त्यांची खाट मागच्या खोलीत होती, तिथून मांडव दिसत नाही. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "फुललं का गं?" यंत्र घरघरत होतं, त्यांचे गाल आत गेले होते, हातावर सुयांचे निळे डाग होते. मी म्हटलं, "हो, फुललंय की. चांगलं फुललंय." इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. अक्कांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पडद्याने काम केलं बघ."

खोटं बोललं की पुढची सगळी कामं आपोआप ठरत जातात. पौष लागला तेव्हा पाण्यावाचून वेल बुडापासून वाळून गेला होता आणि अक्का शेंगांबद्दल विचारू लागल्या. दोरे बांधले का? बांधले. किती? तीस-पस्तीस. मी सर्जापूर रोडला जाऊन वाळत आलेल्या शेंगा हुडकून आणल्या, गच्चीवर वाळवल्या, दाणे काढले आणि त्यातले बारीक, तांबूस, अक्कांच्या बियासारखे दिसणारे तेवढे निवडून घेतले. दुपारचं ऊन पाठीवर घेत मी ती फसवणूक दाणादाणा करून निवडत होते. मनाची समजूतही काढली होती. अक्कांच्या कपाटातल्या बरणीत गेल्या वर्षीचं खरं बी अजून आहे, चांगलं ओंजळभर. पुढच्या आषाढात ते दुसरीकडे कुठेतरी, अंधार असेल तिथे लावू. तोवर या जिवाला थोडं सुख.

ते दाणे मी वाटीत घालून अक्कांपुढे धरले. त्यांना मोतीबिंदू होता, धड दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी चाचपले. मग नाकातली नळी बाजूला करून वाटी तोंडाशी नेली आणि बराच वेळ हुंगत राहिल्या. वाळलेल्या दाण्याला हिरव्या शेंगेइतका सोगडू नसतो, पण अक्कांच्या वाणाला असायचा. बरणी उघडली की कपाटभर यायचा. त्यांनी वाटी खाली ठेवली. "मला वास येत नाही गं," त्या म्हणाल्या. "औषधांनी नाक गेलं माझं." त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. त्या मला म्हणाल्या, "तू घेऊन बघ. आहे ना?" मी वाटी नाकाशी धरली आणि म्हटलं, "आहे."

अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात होते. एवढं दुष्ट मी तिच्याशी कधी वागले नव्हते, आणि तेही मायेपोटी.

संक्रांतीच्या दिवशी बावीस बायका आल्या. सीमा त्यांच्यातच होती, तेव्हा नुकतीच बंगळूरला आलेली. पुड्या अक्कांनीच बांधल्या होत्या, प्रत्येकीत सात दाणे मोजून. मी वाटत होते. "अक्कांचं वाण," असं प्रत्येकीला सांगत होते, कारण दर वर्षी तसंच सांगायची सवय होती. सीमाने पुडी उघडून विचारलं, "काकू, हे लावायचं कसं?" इतक्या वर्षांत असं विचारणारी ती पहिली. नंतर मी मागच्या वर्षांच्या सगळ्या बायकांना एकेक करून फोन केले, की कुणाकडे अक्कांचं बी आहे का. एकीने देवघरात ठेवलं होतं, त्याला कीड लागली. एकीने उसळीत टाकलं. एकीची कुंडी घर बदलताना तिथेच राहिली. बाकीच्यांना आठवतही नव्हतं. बहुतेकींना वाटलं होतं की सात दाणे हा शकुनाचा भाग आहे. आनेकलकडे अक्कांच्या भाच्यालाही विचारलं. तो म्हणाला, "काकू, तिथे आता आमचं कुंपणच कुठाय?"

पण हे नंतरचं. त्या दुपारी मला घाई नव्हती, कारण बरणी होती.

बायका गेल्यावर मी एळ्ळू-बेल्ल्याची वाटी घेऊन आत गेले. अक्का खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. मांडीवर परात. परातीत पिवळसर पांढऱ्या डाळिंब्या आणि कडेला सालींचा ढीग. शेजारी स्टुलावर काचेची बरणी, रिकामी, तळाला कडुलिंबाचा चुरा. त्या शेवटचे चार-पाच दाणे हितकत होत्या.

"काल झोपताना भिजत घातलं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत, मी बसल्या जागी हे तरी करते. नवं आलं, आता जुनं खाऊन टाकू."

मी खाली बसले आणि सालींत हात घातला. एखादा दाणा सुटला असेल, एखादा पुरता भिजला नसेल, खाटेखाली घरंगळला असेल. एकही नव्हता. अक्का काम अर्धवट सोडणाऱ्या नव्हत्या. "काय शोधतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, बांगडीचा मोती पडला." स्वयंपाकघरात जाऊन मी त्यातल्या तीन डाळिंब्या ओल्या कापसात गुंडाळून कपाटात लपवल्या. साल निघालेला, बोटांत दाबला गेलेला दाणा उगवेल असं मलाही वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या आंबल्या.

बाकीच्यांचं सारू केलं. दुसरं काय करणार होते? ओलं खोबरं, धणे, लवंग, आलं वाटलं, कांदा परतला, डाळिंब्या टाकल्या आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांत वास सुटला. तो घरभर गेला, मधल्या खोलीतून मागच्या खोलीत गेला, आणि तिथून अक्कांची हाक आली.

"मंजू. वास येतोय गं मला."

मी गेले तेव्हा त्या पुढे झुकून बसल्या होत्या. चेहरा उजळला होता. "नाक आलं बघ माझं परत," त्या म्हणाल्या. "सोगडू आहे. चांगला आहे." त्या हसल्या आणि हळूहळू त्यांचं हसणं थांबलं. मी दारातच उभी होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना दिसलं नसणार, त्यांना तेवढं दिसतच नव्हतं. पण मी काही बोलले नाही, एवढं त्यांना ऐकू आलं.

"मग नव्याला का नाही आला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. वेल फुललाच नाही हे, सर्जापूर रोडच्या शेंगा, गच्चीवरची निवड, सगळं. सांगताना मला रडू येत होतं आणि यंत्र आपलं घरघरत होतं. शेवटी अक्कांनी फक्त विचारलं, "आणि हे जे शिजतंय?"

"ते शेवटचं, अक्का."

त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली, हुंगली, मांडीवर ठेवली. "मला विचारायचंस तरी," त्या म्हणाल्या. "मी काय लहान होते?" मी म्हटलं, उद्याच त्या बायकांना फोन करून सांगते की ते बी आपलं नाही. "नको," अक्का म्हणाल्या. "सांगू नको. आपलं म्हटलं तर एखादी पेरेल. अवरेच आहे तेही."

मग त्या म्हणाल्या, "बघ जा, खाली लागेल."

मी उठून गॅस बंद केला. भात केला होताच. दोन ताटं वाढून आत आणली, एक त्यांचं, एक माझं. मी नुसती भात कालवत बसले. अक्कांनी स्वतःच्या हाताने दोन घास खाल्ले, नळी सारखी केली, दम घेतला. चौथ्या-पाचव्या घासानंतर त्यांनी ताट बाजूला ठेवलं; त्यांना तेवढंच जात असे. ताटात सारू उरलं होतं. त्यांनी ते ताट माझ्याकडे सरकवलं.

"टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "स्वल्प स्वल्प खा, पण संपव."

फाल्गुनात अक्का गेल्या. त्या संक्रांतीच्या दुपारी मात्र त्या उशीला टेकून, माझ्याकडे तोंड करून बसून राहिल्या, आणि मी आधी माझं ताट संपवलं, मग त्यांचं, मग पातेल्यात होतं तेही. खूप चविष्ट झालं होतं.